एकाच वर्षाचे

आकुर्डी,
१४ नोव्हेंबर २०२३

मिनू,

जयभीम.

सप्टेंबरात तुला विमानतळावर सोडलं तेव्हा तू तेहतीस वर्षांची होतीस. परवा फोनवर काय म्हणालीस, तर "आत्या, इथं मी चौतीसची आहे." दोन महिन्यांत एक वर्ष! चाकणची धूळ खाऊनसुद्धा माणूस इतक्या लवकर म्हातारं होत नाही गं.

मुद्दाम पत्र लिहितेय. व्हिडिओ कॉलवर मला माझंच तोंड दिसत राहतं, आणि तू "हां आत्या, हां आत्या" करून मला गुंडाळतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. साक्षी फोटो काढून पाठवेल. तुझी धाकटी बहीण एवढ्या एका कामाची उरली आहे, बाकी दिवसभर मोबाइलमध्ये नाक खुपसून बसते.

तर म्हणे तिकडे कोरियात पोर जन्मलं की त्याच घडीला एक वर्षाचं. का? पोटातले नऊ महिने धरतात. अगं, मी जन्म कॅन्टीनमध्ये काढला, पण कणीक भिजवली की पोळ्या झाल्या असं कधी कुणाला सांगितलं नाही. आणि वाढदिवस ज्याचा त्याला नाहीच. एक जानेवारीला अख्खा देश एकदम एका वर्षानं मोठा. साहेब, शिपाई, तान्हं, म्हातारं, सगळे एका रांगेत. म्हणजे एकतीस डिसेंबरला जन्मलेलं पोर दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं? डोळे उघडले नाहीत धड त्याचे, आणि म्हणे दोन वर्षांचं! डोक्यावर पडलेत का सगळे?

ही माणसं इथं चाकणच्या कंपनीत येऊन तुम्हाला मिलिमीटर शिकवतात. गाडीचा पार्ट केसभर मोठा झाला तर उचलून भंगारात टाकतात, तूच सांगितलंस. मग माणूस वर्षभर मोठा झालेला चालतो कसा? जरा विचार तुझ्या त्या साहेबाला. दुभाषी आहेस ना, मग माझंही एक वाक्य कर त्याच्या भाषेत.

तुझा बाप मजेत आहे. मे महिन्यात आम्ही दोघं रिटायर झालो तेव्हापासून जो भेटेल त्याला "ही माझी जुळी बहीण" म्हणून सांगत सुटलाय. कागदावर आमची तारीख एक, म्हणून त्याचा हा जुना विनोद. मला कधी हसू आलं नाही.

जेवत जा. तिथली आंबलेली कोबी भाजी म्हणून खाऊ नकोस, लोणचं म्हणून खा.

तुझी
चिमाआत्या


चांगवॉन,
२६ नोव्हेंबर २०२३

आत्या,

जयभीम. तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन हसले. इथं मोठ्यानं हसलं की लोक माना वळवतात.

साहेबाला नाही विचारलं. माझी टीम लीडर यून म्हणून आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या आत्याचं बरोबर आहे. सरकारनं याच जूनमध्ये कायदा करून ती जुनी मोजणी बंद केली. आता कागदोपत्री सगळे जगासारखेच मोजतात. एका दिवसात अख्खा देश एका-दोन वर्षांनी लहान झाला, काय मज्जा! पण बोलण्यातून जुनं जात नाही. यूननं पहिल्याच दिवशी माझं नाव विचारायच्या आधी जन्मसाल विचारलं. कारण कुणाला अहो म्हणायचं नि कुणाला अगं, ते सालावरून ठरतं. एकाच साली जन्मलेले असले तर ते दोंगाप, म्हणजे बरोबरीचे. मग महिना कुठलाही असो.

आता खरी गोष्ट. रागावू नकोस. तुला आधी सांगायला हवं होतं, पण पप्पांना आधी सांगितलं, कारण तू ओरडशील म्हणून.

कंपनीच्या बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरणारा समाधान तुला आठवतो का? टूल रूममधला, चष्मेवाला. रहाटणीला राहतो. आम्हाला लग्न करायचं आहे. माणूस चांगला आहे आत्या, मी पारखून घेतलाय. मी कोरियन बोलायला लागले की इतर मुलं "चिंग चांग" करून चिडवायची, हा एकटा शब्द विचारून घ्यायचा.

अडचण एकच. त्याच्या आईला, सुमनताईंना, सून मुलापेक्षा लहानच हवी. याआधी दोन स्थळं त्यांनी तेवढ्यावरून मोडलीत. आणि माझा जन्म जानेवारी नव्वदचा, समाधानचा डिसेंबर नव्वदचा. अकरा महिन्यांनी मी मोठी. गेल्या रविवारी पप्पा त्यांच्याकडे गेले होते. सुमनताईंनी वय विचारलं, तर पप्पा म्हणाले, "दोघं एकाच वर्षाचे." त्या खूश झाल्या. पुढचं काही विचारलंच नाही.

आता हे खोटं आहे का, तूच सांग. नव्वद साल दोघांचंही. इथल्या हिशोबानं आम्ही दोघं आज चौतीस, दोंगाप! मी यूनला सांगितलं तर ती म्हणाली, मग प्रॉब्लेम कुठे आहे?

आत्या, मला हे लग्न हवंय. चौतिसाव्या वर्षी माणूस पुन्हा पुन्हा सापडत नाही. आणि तू पुढे उभी राहिल्याशिवाय मला ते करायचं नाही. आई गेल्यावर मी तुझ्याच घरात वाढले.

तुझी
मिनू


आकुर्डी,
३ डिसेंबर २०२३

मिनल,

बापाला आधी आणि मला मागून. शाब्बास! शिंकलीस तरी मला सांगायचीस, आणि नवरा बघितलास तो मला महिनाभरानं कळतो. असो. तो चष्मेवाला मला आठवतो. दिवाळीच्या सुटीआधी तुझी बॅग घरापर्यंत आणून दिली आणि पाणीसुद्धा न पिता गेला. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं तुझ्या बापाबद्दल आहे.

"एकाच वर्षाचे." वा रे भिवा! एक संक्रांतीचं, एक नाताळचं, आणि म्हणे एकाच वर्षाचे. म्हणजे खोटंही बोलायचं नाही आणि खरंही कळू द्यायचं नाही. असली जीभ देवळातल्या पुजाऱ्याकडे पण नसेल. आणि तुला ते आवडलं! पंधरा वर्षं शिकवली, परदेशी भाषा बोलतेस, साहेब लोकांच्या बैठकीत बसतेस, आणि स्वतःचं वय झाकायला कुठून तरी कोरियातलं पांघरूण शोधून आणलंस. त्यांच्याच सरकारनं टाकून दिलेलं पांघरूण. आपल्याकडे जुनं घेणारी बोहारीण येते ना, तीसुद्धा हे घेणार नाही.

त्या सुमनताईचं तर काय बोलायचं. सून लहान हवी! का? मोठी असली तर मुलाला मांडीवर घेऊन बसेल? तिचा मुलगा तेहतीसचा होईल आता, त्याच्या डोक्यावर पुढून केस गेलेत, मी बघितलेत. आणि हिला लहान सून हवी. अशा बायकांना सरळ तोंडावर सांगायचं असतं, बाई, आमची मुलगी मोठी आहे, पटलं तर बघा. ते सोडून तुम्ही बापलेक चोरासारखे तिच्या दारात साल सांगून उभे.

मी एकदाच लिहिते. भिवाला ते वाक्य मागं घ्यायला सांग. त्यानं सुमनताईला जाऊन सांगायचं की मुलगी अकरा महिन्यांनी मोठी आहे. नाहीतर मी या लग्नाला येणार नाही. मी रागात लिहितेय असं समजू नकोस. भाकरी थापून, जेवून, भांडी घासून मग लिहायला बसलेय.

चिमाआत्या


चांगवॉन,
२ जानेवारी २०२४

आत्या,

जयभीम. नवीन वर्षाचं काल यूनच्या घरी जेवायला होते. इथं एक जानेवारीला तांदळाच्या चकत्यांचं सूप पितात, तोककुक. ते प्यालं की वय एका वर्षानं वाढतं असं म्हणतात. यूनची आजी मला म्हणाली, "पी, आता तू पस्तीसची झालीस." मी दुसरी वाटी घेतली तर सगळे हसले, म्हणाले दोन वाट्या प्यालीस तर छत्तीस होशील. मला तुझी आठवण झाली. तू वाटी उलटी घातली असतीस.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला महिना लावला. आधी रडले, मग राग आला. आता लिहितेच.

तू मला सरळ का सांगत नाहीस, की तुलाही नवरा बायकोपेक्षा मोठाच हवा? सुमनताईंना नावं ठेवतेस आणि अडवतेस तूच. पप्पांना मी फोनवर विचारलं. "तिला सांगाय नगं व्हतं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, पप्पा, जाऊन खरं सांगता का? तर फोन साक्षीच्या हातात दिला.

आणि कोरियन लोकांना हसतेस, ते कुठल्या तोंडानं गं? आपल्या घरात बघ. पप्पांचा जन्म एक जून. तुझा एक जून. शेजारच्या यशोदाबाईंचा एक जून. मे महिन्यात तुमच्या निरोपसमारंभाला मी होते ना! एकतीस मेला कंपनीच्या गेटवर एवढे हार, एवढ्या शाली, सगळे एकाच दिवशी अठ्ठावन्नचे. फोटोवाला म्हणाला, जत्रा आहे की काय. गावच्या शाळेत गुरुजींना जो बाप तारीख सांगू शकला नाही, त्याच्या पोराला एक जून. मग ते आणि एक जानेवारी यात फरक काय? उलट इथं निदान साल तरी खरं असतं. तुमचं साल तरी खरं आहे का?

तुला तरी तुझं खरं वय माहीत आहे का आत्या? नाही ना? आणि त्यानं कुणाचं काय बिघडलं? शाळा झाली, लग्न झालं, नोकरी झाली, रिटायरही झालीस. कुणी तुला अडवलं नाही. मग माझ्या अकरा महिन्यांसाठी मला का अडवतेस?

मला माझ्या लग्नात तू हवी आहेस. पण समाधानही हवा आहे.

मिनू


चांगवॉन,
२८ जानेवारी २०२४

आत्या,

उत्तर नाही. साक्षी म्हणते, तू फोटो काढायला काही दिलंच नाहीस. तुझा फोन लागतो पण तू "बरी आहे" म्हणून ठेवतेस. मी काही जास्त बोलले का? ओरड, शिव्या घाल, पण लिही.

मिनू


आकुर्डी,
४ फेब्रुवारी २०२४

मिनू,

जयभीम. हे पत्र पोस्टानं पाठवतेय. साक्षीला दिलं तर ती वाचेल, आणि तिनं तिच्या बापाबद्दल हे माझ्या कागदावरून वाचू नये. पोस्टातली पोरगी म्हणाली, मावशी, कोरियाला पत्र? व्हॉट्सॲप करा ना. मी म्हटलं, तू तिकीट लाव.

तू विचारलंस ना, मला माझं खरं वय माहीत आहे का. आहे. चांगलं माहीत आहे. आमच्या मावळातल्या घरात तारखा नव्हत्या, पण म्हणून आम्ही मूर्ख नव्हतो. भिवा पाकिस्तानच्या लढाईच्या पावसाळ्यातला, म्हणजे पासष्टचा. आणि कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे मी आईच्या पोटात होते. भांडी पडली म्हणून ती पोट धरून अंगणात पळाली, हे तिनं मला शंभर वेळा सांगितलं. पुढच्या शिमग्याला मी झाले. अडसष्टची मी. भिवापेक्षा अडीच वर्षांनी लहान.

बहात्तर साली दुष्काळ पडला. शाळेत पोरांना सुकडी वाटायचे. भिवाला शाळेत घालायला आबा गेले, तर मलाही कडेवर घेऊन गेले. पोरगी घरी ठेवली तर उपाशी राहील, शाळेत बसवली तर सुकडी मिळेल. मी चार वर्षांची. चारच्या पोरीला पहिलीत कोण घेणार? गुरुजींनी आबांच्या तोंडाकडे बघितलं, भिवाची तारीख लिहिली आणि त्याच्याखाली माझीही तीच लिहिली. एक जून पासष्ट. झालो आम्ही जुळे.

त्या गुरुजींना मी कधी वाईट बोलले नाही. त्या सुकडीवर मी वाचले. माझ्याबरोबरच्या दोन पोरी वाचल्या नाहीत.

पण मग त्र्याऐंशी साल आलं. तुझे मामा, म्हणजे माझे मालक, आकुर्डीला कंपनीत होते. त्यांच्याकडून मागणी आली. ते वयानं बरेच मोठे, आणि त्यांनी भिवाला कंपनीत चिकटवायचं कबूल केलं होतं. त्यांच्याबरोबर त्यांचे एक म्हातारे चुलते आले होते, चळवळीतला माणूस, सरळ. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी लहान दिसते हो. अठरा पूर्ण आहे ना? नसेल तर आम्ही थांबू. दोन-तीन वर्षांनी करू, घाई नाही."

ऐकतेस ना? ते थांबायला तयार होते.

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता आबा खरं सांगतील. आबांनी मान खाली घातली. तेव्हा भिवा पुढे झाला. अठरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, उंच. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमी दोघं एकाच वर्षाचे."

चुलत्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि विश्वास ठेवला. पुढं काही विचारलं नाही. जूनमध्ये माझं लग्न झालं. मी पंधरा वर्षांची होते. मला लुगडं नेसता येत नव्हतं, सासू नेसवून द्यायची. पुढच्या वर्षी बाळंतपणात माझं मूल गेलं. डॉक्टरीण बाईनं वय विचारलं, मालक म्हणाले एकोणीस. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अंग तर एकोणिसाचं नाही हिचं." कागदाला वय आलं होतं गं, अंगाला नव्हतं आलं. त्यानंतर मला मूल झालं नाही.

कुणाचं काय बिघडलं, विचारतेस.

मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना खरं मरेपर्यंत कळलं नाही. भिवाला नोकरी लागली, त्या नोकरीवर तुझं शिक्षण झालं, म्हणून मी गप्प बसले. तुझी आई गेल्यावर तू माझ्या घरी आलीस, तेव्हा मी मनात म्हटलं, जाऊ दे, याच्या घरातून मला एक मूल मिळालं. कंपनीनंही मला त्याच कागदावर पावणेतीन वर्षं आधी घरी बसवलं, तिथंही गप्प बसले. पण चाळीस वर्षांनी तो पुन्हा एका दारात जाऊन तेच वाक्य बोलतो, शब्दाला शब्द तोच, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि त्याची मुलगी मला लिहिते की कोरियात हेच चालतं!

समाधान लहान आहे याचं मला काडीचंही काही वाटत नाही. तो पाच वर्षांनी लहान असता तरी मी हळद लावायला पहिली आले असते. पण लग्न जमावं म्हणून पोरीचं वय कुणी इकडचं तिकडं केलेलं मी पुन्हा दाराआड उभी राहून ऐकणार नाही. तेव्हा भिवानं माझं वय वाढवलं, आता तुम्ही तुझं झाकताय. माझ्या लेखी दोन्ही एकच.

आता तुझं तू बघ.

तुझी आत्या


चांगवॉन,
२५ फेब्रुवारी २०२४

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. किती वेळा वाचलं, सांगत नाही. माफी मागायलाही लाज वाटते, कारण "कुणाचं काय बिघडलं" हे मी लिहिलंय, माझ्या हातानं.

पप्पांशी बोलले नाही. काय बोलू कळत नाही. एवढं मात्र केलं. शनिवारी समाधानला सांगितलं की तुझ्या आईशी मलाच बोलायचंय. तो घाबरला. म्हणाला, तू परत येईपर्यंत थांब, मी सावकाश सांगतो. मी म्हटलं, नको, आमच्या घरात सावकाश सांगण्यात चाळीस वर्षं गेलीत.

मग व्हिडिओ कॉलवर सुमनताईंना सांगितलं. मी जानेवारीची, समाधान डिसेंबरचा, मी अकरा महिन्यांनी मोठी आहे, पप्पांनी जे सांगितलं ते अर्धवट होतं आणि मला ते माहीत होतं.  कढईत काहीतरी करपायला लागलं, तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "भिवाभाऊंना पाठव माझ्याकडे. आणि त्यांच्या बहिणीला." आणि फोन बंद.

समाधान म्हणतो, आई नाही म्हणाली तरी तो मागे हटणार नाही. पण मला तसं नकोय. आईला दुखवून आणलेली सून व्हायचं नाही मला. त्या नाही म्हणाल्या तर मी थांबेन.

आत्या, तू जाशील का? पप्पांबरोबर जायला सांगायचा मला हक्क नाही, तरी विचारते.

तुझी
मिनू


आकुर्डी,
१० मार्च २०२४

मिनू,

जयभीम. गेले होते. आज दुपारी. हे पत्र साक्षीच फोटो काढून पाठवेल, वाचलं तर वाचू दे. आता लपवण्यासारखं उरलं नाही.

तुझा बाप इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता.   एरवी तोंड थांबत नाही त्याचं, चौकाचौकात ओळखीचा माणूस भेटतो, आज रिक्षात रहाटणीपर्यंत खाली बघून बसला.

सुमनताईचं घर म्हणजे काय सांगू! सोफ्यावर अजून प्लास्टिक आहे. बसलं की कर्रकर्र वाजतं, उठलं की चिकटतं. टीव्हीवर कापड, फ्रीजवर कापड, कपाटावर कापड. मी मनात म्हटलं, ही बाई सगळंच झाकून ठेवते, आणि आपण हिला उघडं करून सांगायला आलोय. चहा दिला तोही साखर मोजून. पण बाई दिसते तशी नाही. सरळ मुद्द्यावर आली.

म्हणाली, "भिवाभाऊ, मुलीनं सांगितलं ते खरं का?"

भिवा म्हणाला, "व्हय."

"मग तुम्ही मला एकाच वर्षाचे का सांगितलंत? मी अडाणी आहे म्हणून?"

भिवा कपाकडे बघत बसला. कपातल्या चहावर साय धरायला लागली. बाईनं मग माझ्याकडे बघितलं. तिला बहुधा वातावरण जरा हलकं करायचं असेल. म्हणाली, "तुम्ही तर ह्यांच्या जुळ्या बहीण ना ताई? समाधान सांगत होता. तुमच्यावर भिवाभाऊंचं फार प्रेम दिसतं, जिथं जातात तिथं सांगतात."

मिनू, मला वाटलं, आता हा हसेल. नेहमीसारखा हसेल आणि म्हणेल, व्हय, जुळीच हाय. आणि मी ठरवलं, हा हसला की मी उठून चालू लागेन आणि मेले तरी याच्या दारात पाय ठेवणार नाही.

तो हसला नाही. कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, सुमनताईकडे बघून बोलला.

"न्हाई. जुळी न्हाई. चिमी माझ्यापेक्षा अडीच वर्षांनी लहान हाय. तिच्या लग्नाच्या टायमाला मी खोटं बोललो. मला नोकरी पायजे व्हती. पंधरा वर्साची पोरगी आमी दिली. आन त्याच तोंडानं तुमच्या दारात आलो."

एवढंच.  शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत बसला. एवढं बोलायला या माणसाला चाळीस वर्षं लागली! चाळीस वर्षांत चाकणच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, पण याच्या तोंडातून हे निघायला सुमनताईचा प्लास्टिकचा सोफा लागला. मला त्याची कीवही आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं. आणि मी रडले. लिहिते, लपवत नाही. परक्या बाईच्या घरात, पदर तोंडाला लावून, अगदी पोरीसारखी रडले.

सुमनताई उठली, आत गेली. मला वाटलं, संपलं. तर पाणी घेऊन आली. आधी मला दिलं, मग भिवाला. आणि माझ्याजवळ येऊन त्या चिकट सोफ्यावर बसली. म्हणाली, "ताई, माझीपण एक जून आहे."

मी म्हटलं, "खरी किती?"

म्हणाली, "आता कुणाला ठाऊक. सांगणारं कुणी उरलं नाही."

मग तिनं पाण्याचे पेले उचलून ठेवले. शेवटी तिनं भिवाला सांगितलं, "अकरा महिन्यांनी मोठी सून मला चालेल. माझ्याशी खोटं बोललेलं चालणार नाही. लग्नाची तारीख तुम्ही धरू नका, मी पण धरत नाही. मुलगी आली की तिलाच विचारा."

तेव्हा आता तूच धर. एप्रिलमध्ये येतेस ना? मी पहिल्या रांगेत असेन. हळदही मीच लावणार, कुणी दुसरी पुढं आली तर तिची खैर नाही.

परत येताना तुझा बाप रिक्षात म्हणाला, "चिमे, तुझा वाढदिवस म्हंजी मग कधी धरायचा गं?" मी म्हटलं, आईनं सांगितलाय, शिमग्याला. तो म्हणाला, म्हणजे या पंधरवड्यातच. मी म्हटलं, हो. मग रिक्षाबाहेर बघत बोटं मोजत बसला. सारखा चुकत होता. मी नाही सांगितलं. म्हटलं, मोज आता, बस मोजत.

तुला मात्र सांगते. आणि ती तुझी यून, तिची आजी, तो तुझा साहेब, सगळ्यांना त्यांच्या भाषेत नीट सांग. माझी आत्या या शिमग्याला छप्पन्न वर्षांची होते. एक वाटीसुद्धा जास्त नाही.

तुझी
आत्या